कमर चौतीस, साखर तीनशे

४ मार्च

डॉक्टरीणबाईंनी आज ह्यांना वही ठेवायला सांगितली. रोजची साखर, रोजचं खाणं, महिन्याचं वजन, सगळं लिहायचं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच ह्यांनी वही माझ्या पिशवीत सरकवली, लग्नापासून प्रत्येक कागद सरकवत आलेत तशी. ठीक आहे. वही माझ्याकडे, अक्षर माझं, तर मतंही माझीच.

आधी रुग्णाची माहिती. माझा नवरा, वय चौपन्न, धंदा मोटार शिकवणं. सगळी वस्ती त्यांना सर म्हणते, म्हणून इथे मीही सरच लिहिणार. तोंडावर 'अहो' आहेच. मधुमेह नऊ वर्षांचा, म्हणजे आमच्या फ्रिजच्या वयाचा, आणि निगाही फ्रिजइतकीच राखलेली: बंद पडला की बघू. उपाशीपोटी साखर २३८. कमर चाळीस इंच. कमर डॉक्टरीणबाईंनी मागितली नव्हती, पण मी कपडे अल्टर करणारी बाई. माणूस समोर उभा राहिला की टेप आपोआप हातात येते.

आजपासून स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. तसं ते होतंच, पण आता कुलपासकट.

१९ मार्च

कमर एकोणचाळीस! पंधरा दिवसांत एक इंच. उकडलेल्या भाज्या, काकडीचा रस, अर्धं ताट, आणि माझी नजर. सर मुकाट्याने खातात. परवा एवढंच म्हणाले, "अगं, गाय झालीय माझी." मी म्हटलं, "गाय दूध तरी देते."

साखर मात्र २४१. मशीन जुनं झालंय. मी तीस वर्षं टेपवर पोट भरतेय. टेप कधी खोटं बोललेली नाही. मशीनचं काय, त्यात बॅटरी असते.

७ एप्रिल

नवं मशीन आणलं. त्याने २५६ दाखवली. म्हणजे दोन्ही मशिनं एकमेकांना सामील. कमर साडेसदतीस. सरांच्या तीन विजारी आत घेतल्या, कडेचं जादाचं कापड कापूनच टाकलं. कशाला ठेवायचं? परतीची वाट ठेवली की माणूस परततो.

सकाळी ह्यांची उशी पिळून निघावी इतकी ओली असते. सरांना वाटलं, ताप असेल. मी समजावलं, चरबी वितळते तेव्हा कुठून तरी बाहेर पडणारच ना. पटलं असावं. थोडा खोकलाही आहे. त्या शिकवणीच्या गाडीत काचा लावून एसी लावतात, त्याने घसा धरलाय. एसी बंद करा म्हटलं तर म्हणतात, शिकाऊ लोकांना आधीच घाम फुटलेला असतो.

२२ एप्रिल

दुकानात आज कामं कमी आणि चौकशा जास्त. समोरच्या औषधांच्या दुकानातली मालकीण म्हणाली, "सर अगदी कॉलेजातले दिसायला लागलेत हो! काय देता काय त्यांना?" मी आहाराचा तक्ता कटिंगच्या कागदावर लिहून दिला. संध्याकाळपर्यंत सात बायकांनी नेला. एकीने तर नवऱ्याचं माप आधीच देऊन ठेवलं, पुढच्या महिन्यात विजार आत घ्यायला. मला वाटतं, मी चुकीच्या धंद्यात आहे.

दुपारी वन्संचा फोन. ह्यांची धाकटी बहीण. ओढणी पिको करायला देते आणि सोबत उपदेश फुकट.

"वहिनी, दादा फोटोत किती वाळलाय! उपाशी मारतेस की काय माझ्या भावाला?"

"वन्सं, चाळीस कमर होती तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, वहिनी दादाचं बघत नाही?"

"बघ म्हटलं होतं, संपव नव्हतं म्हटलं."

हेवा, दुसरं काय. त्यांचे यजमान बेचाळीस कमरेचे आहेत.

९ मे

कमर चौतीस. लग्नातल्या सूटची होती तीच! रात्रीचं जेवण तर सर आपण होऊनच नको म्हणतात. "भूकच नाही." नऊ वर्षं ह्या माणसाला मी संयम शिकवतेय, आणि तो असा एकाएकी आला. मला खरंच भरून आलं.

फक्त जिना चढताना मध्ये थांबतात. काल मधल्या पायरीवर टेकून खोकत होते, मी वरून ओरडले, "चला, कॉलेजकुमार!" तर हसले आणि हसण्यातही खोकला आला. धाप आत्ताशी लागायला नको खरं तर, वजन उतरल्यावर. पण इतकी वर्षं गाडीत बसून काढलेला माणूस, पायांना सवय कुठे.

साखर २८९. मी लिहिते म्हणून लिहिते.

१६ मे

आज मी मूर्ख ठरले. सविस्तर लिहिते, कारण इतकी मूर्ख मी यापूर्वी फक्त एकदा ठरले होते आणि तेव्हा निदान साक्षीदार नव्हते.

सरांच्या शिकाऊंमध्ये एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. वय सदुसष्ट. लायसन्सच्या परीक्षेत सहा वेळा नापास. आज सातव्यांदा पास झाल्या आणि थेट माझ्या दुकानात आल्या, हातात केकचा हा एवढा खोका.

"घे गं. सरांना गाडीतच देणार होते, पण म्हटलं आज घरच्यांचाही मान."

मी म्हटलं, "बाई, सर गोड खात नाहीत. अडीच महिने कडक पथ्य आहे."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्या नजरेने चाळीस वर्षांत किती मुलांनी गृहपाठ न केल्याचं कबूल केलं असेल, देव जाणे. "कोण खात नाही? मी सहा वेळा नापास झाले, सहाही वेळा सरांची समजूत काढायला केक आणला. अर्धा मी खायचे, अर्धा ते. शिवाय जो पास होतो तो खोका आणतोच. पुढच्या कप्प्यात क्रीमची बिस्किटं कायम असतात, चौकात शिकाऊ घाबरला की एक त्याला आणि एक सरांना. तुला माहीत नव्हतं?"

समोरच्या बाकावर माप द्यायला बसलेल्या दोघी बायका एकदम दोरा-रीळ बघायला लागल्या.

सर सहाला आले. मी खोका पुढ्यात ठेवला. अडीच महिन्यांचा काकडीचा रस माझ्या डोक्यात उकळत होता.

"काय आहे हे?"

"केक," सर म्हणाले. खोटं बोलता येत नाही, हा एकच गुण.

"किती खाल्लेत अडीच महिन्यांत?"

"अगं, मोजायचं काम तुझं..."

मी पंधरा मिनिटं बोलले. छान बोलले, एक शब्द दोनदा वापरला नाही. मी उकडते, मी गाळते, मी तक्ते वाटते, आणि हा गृहस्थ चौकाचौकात क्रीम चाटतो! आणि बोलता बोलता मधेच माझी जीभ थांबली. कधी थांबत नाही, म्हणून सरही दचकले.

"अहो," मी विचारलं, "एवढं खाल्लंत, तर मग वाळलात कशाने?"

सर बराच वेळ खोकत होते.

टेप खोटं बोलली नव्हती. मीच तिला भलतं बोलायला लावलं होतं.

१७ मे

डॉक्टरीणबाई माझ्या शिलाई मशीनपेक्षा वयाने लहान आहेत, पण आज त्यांच्यासमोर मीच बालवाडीत होते.

"खोकला कधीपासून?"

"एप्रिलपासून. एसीचा," मी म्हटलं.

"ताप? रात्री घाम?"

"चरबी..." मी म्हटलं.

त्यांनी वही मागितली. ही वही! मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी ७ एप्रिलचं पान वाचलंसुद्धा. हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तारखा नीट लिहिल्यात हे फार चांगलं झालं." मग छातीचा फोटो, आणि थुंकी तपासायला दोन डब्या.

१९ मे

टीबी. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला. साखर ३१२.

मी विचारलं, ह्यांना कुठून? आमच्या घरात कुणाला नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते माझ्या भाषेत लिहून ठेवते. टीबीचे जंतू पुष्कळांच्या अंगात निपचित पडून असतात आणि शरीर त्यांच्यावर पहारा देतं. वर्षानुवर्षं साखर चढलेली राहिली की पहारेकरी पेंगतात. मधुमेह असलेल्याला टीबी होण्याचा धोका इतरांच्या दुपटी-तिपटीने असतो. आणि एकदा तो जागा झाला की उलट साखर आणखी चढवतो. म्हणजे दोन्ही मशिनं सामील नव्हती. सामील हे दोघे होते, एकमेकांना टाळी देत.

"पण पूर्ण बरा होतो," त्या म्हणाल्या. "किमान सहा महिने, एक दिवस न चुकता गोळ्या. आणि साखर ताब्यात. दोन्हीपैकी एक सोडलंत तर दुसरंही जाईल."

सर इतकंच म्हणाले, "आणि माझे शिकाऊ?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. चौतीस कमरेचा माणूस, आणि पहिला प्रश्न दुसऱ्यांचा. मग मी दुकानात येऊन शटर अर्धं ओढलं आणि मशीन रिकामंच चालवत रडले. मशीनच्या आवाजात ऐकू जात नाही.

२१ मे

गोळ्यांचा पहिला दिवस. सकाळी दहाला न्हाणीघरातून हाक: "अगं ए! लवकर ये! मला काहीतरी झालंय!"

धावले. काही झालं नव्हतं. लघवी भगवी झाली होती. गोळ्यांनी होते, काल नर्सने सांगितलं होतं, पण सर तेव्हा दवाखान्याच्या भिंतीवरच्या पाट्यांत वाहतुकीचे नियम शोधत होते. मी दाराशी बसून हसले. तेही आतून हसायला लागले. चार दिवसांनी या घरात कुणी हसलं.

टीबीच्या गोळ्या साखरेच्या गोळ्यांना नीट काम करू देत नाहीत, म्हणून आता इन्सुलिन. सुई म्हटल्यावर सरांचा चेहरा पडला. रोज हजार टाके सुईने घालणाऱ्या बाईचा नवरा!

सर पुढच्या खोलीत, दोन्ही खिडक्या उघड्या, तोंडाला मास्क. मी दारातून ताट सरकवते.

२४ मे

शिकाऊंना सांगायचं कसं? सरांना नाव खराब होण्याची भीती. "बंद गाडीत महिनाभर खोकलो मी त्यांच्यावर. कोण येईल परत माझ्याकडे?" दोन दिवस आम्ही यावर भांडलो, मी दाराच्या अलीकडून, ते पलीकडून.

शेवटी काल मी मुख्याध्यापिकाबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग: "यादी दे."

बाईंनी तेवीस जणांना फोन केले. शाळेत हजेरी घेतात तसे. "उद्या नऊ वाजता दवाखान्यात. सबब चालणार नाही. घाबरायचं काही नाही, मी स्वतः पहिली उभी आहे." एक जण म्हणाला, मला सुट्टी मिळणार नाही. बाई म्हणाल्या, साहेबांचा नंबर दे.

आज बावीस आले. तेविसावा दुपारी, साहेबांसकट.

३० मे

निकाल. तेवीसच्या तेवीस जणांचे फोटो स्वच्छ. डॉक्टरीणबाई काही महिने सगळ्यांवर लक्ष ठेवणार आहेत, पण आज तरी स्वच्छ. मी सरांना खिडकीतून ओरडून सांगितलं. सर खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात चेहऱ्यावर. मग म्हणाले, "त्या हिरव्या शर्टवाल्याचाही?" मी म्हटलं, "त्याचाही." "तो रिव्हर्स घेताना श्वासच घेत नाही, म्हणून वाचला."

माझी छातीही स्वच्छ. पण घरातल्यांची साखरही बघतात म्हणून बघितली. तर माझी १६८, उपाशीपोटी. दोनदा तपासली. मला! मी, जिने वस्तीला तक्ते वाटले!

सरांना सांगितलं. मास्कच्या आत माणूस किती रुंद हसू शकतो, ते आज पाहिलं.

२१ जुलै

दोन महिने झाले. थुंकी पुन्हा तपासली. जंतू अजून आहेत.

मी घरी येईपर्यंत धीर धरला. एक गोळी चुकली नाही, मी स्वतः समोर उभी राहून दिल्यात. मग? डॉक्टरीणबाईंनी जंतू औषधांना दाद देतात की नाही, हे बघायला नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलाय. नाहीच दिली तर दुसरी, जास्त त्रासाची औषधं, आणि कितीतरी लांबण. आणि म्हणाल्या, साखर अजून अडीचशेच्या वर का?

वाटेत मी सरांना काही विचारलं नाही. चहा झाला. मग तेच बोलले, खिडकीकडे बघत.

"इन्सुलिन मी निम्मंच घेतो."

"का?"

"पूर्ण घेतलं की हातपाय थरथरतात. ताट अर्धं असतं ना."

अर्धं ताट. मी अजून अर्धंच वाढत होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की खायला घाला, पण हात ऐकेनात. चाळीसची चौतीस मी केली नव्हती, तरी माझाच विजय समजून बसले होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्या तोंडाकडे बघून."

केक लपवायचं कारणही तेच असणार. मी विचारलं नाही. नऊ वर्षं हा माणूस जंतूंपेक्षा जास्त मला घाबरून राहिला, हे लिहायला सोपं नाही. लिहिलं.

आजपासून ठरलं: काहीही खाल्लं, चुकवलं, थरथरलं, तर सांगायचं. ऐकणाऱ्याने पंधरा मिनिटं बोलायचं नाही. सर म्हणाले, "दोन मिनिटं चालतील. नाहीतर तुला त्रास होईल."

२८ जुलै

जंतू औषधांना दाद देतायत! म्हणजे आपलीच औषधं, आपलाच रस्ता. साखर आवरली की झालं.

दोन्ही वेळा पूर्ण ताट. उसळ, अंडी, दही, दोन भाज्या. इन्सुलिनचा आकडा डॉक्टरीणबाईंनी ठरवून दिला, सुई मी टोचते. पहिल्या दिवशी माझेच हात कापले. सर म्हणाले, "क्लच हळू सोड." सोडला. लागलंसुद्धा नाही म्हणे.

२३ ऑगस्ट

थुंकी स्वच्छ!

डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला आणि मी तो उलटा धरून वाचला, तरी कळलं. उपाशीपोटी साखर १३४. कमर छत्तीस. तीन विजारी उसवायला काढल्या, आणि आठवलं, जादाचं कापड मीच कापलंय. वन्संनी ऐकलं आणि फोनवर पाच मिनिटं हसल्या. हसू देत. मग म्हणाल्या, "वहिनी, दादाचा आवाज सुधारलाय गं," आणि नाक ओढल्याचा आवाज आला. उद्या त्यांच्या यजमानांची साखर तपासायला घेऊन जाणार आहेत. मी काही बोलले नव्हते, स्वतःहून.

सरांना कामाची परवानगी परवाच मिळाली, त्याच कागदाबरोबर. गाडीच्या चारही काचा खाली. आज पहिल्याच सकाळी दारात अकरा जण उभे. त्यातले चार आधीच पास झालेले.

"तुम्ही कशाला?" सर म्हणाले.

"उजळणी," हिरवा शर्टवाला म्हणाला.

२० डिसेंबर

साखरेपायी डॉक्टरीणबाईंनी औषध एक महिना वाढवलं होतं. सात महिने, म्हणजे मी दोनशे तेरा वेळा "घेतली का?" विचारलं आणि सरांनी दोनशे तेरा वेळा जीभ बाहेर काढून दाखवली. काल शेवटची गोळी. आज निकाल: फोटोवर फक्त जुना वण, थुंकी स्वच्छ. बरे झाले. डॉक्टरीणबाईंनी स्वतः फाइलवर तसं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. साखर सांभाळायची ती आता जन्मभर, पण जन्म आहे ना.

बाहेर बाकावर मुख्याध्यापिकाबाई बसल्या होत्या. स्वतः गाडी चालवत आम्हाला घ्यायला आलेल्या. येताना दाराच्या खांबाला एकदाच घासली, म्हणाल्या.

मग आत माझी पाळी. डॉक्टरीणबाईंनी माझा कागद बघितला, भुवई उचलली. "मागच्या महिन्यापर्यंत साखर छान होती. काल काही विशेष?"

"छे," मी म्हटलं, "शेवटची गोळी म्हणून साजरं केलं, एवढंच."

सर शेजारच्या खुर्चीत. ही वही त्यांच्या मांडीवर होती, त्यांनी उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि वाट बघत राहिले. चेहऱ्यावर चौकात सिग्नल हिरवा व्हायची वाट बघणाऱ्या माणसाची शांती. राग नाही. धाक नाही.

मी पेन घेतलं. माझी वही, माझं अक्षर.

काल रात्री खाल्लं: आइस्क्रीम, दोन वाट्या.

बरं, तीन.